पंप घेऊन दाखवा

मुंबईतल्या छातीच्या ओपीडीत दम्याचा पंप, म्हणजे इनहेलर, वापरणारा माणूस समोर बसला की आम्ही त्याला आधी काहीच शिकवत नाही. "घेऊन दाखवा" म्हणतो आणि बघत राहतो. केसपेपर कितीही जाड असला तरी हे चुकत नाही. बहुतेकांचं ठरलेलं असतं: टोपी काढायची, पंप न हलवता तोंडाला लावायचा, फस्सकन दाबायचा आणि मग श्वास ओढायचा. ओठांच्या कडेने पांढरा धूर निघतो, कधी नाकातून निघतो. "पण काका, हे सगळं तर बाहेर आलं." "नाही हो, घशाला गार लागलं की." गार लागलं म्हणजे औषध घशावर बसलं. ते गिळलं जाणार, छातीत जाणार नाही. अगदी व्यवस्थित घेतलं तरी फवाऱ्यातलं साधारण 10 ते 20 टक्केच औषध फुप्फुसात पोचतं. त्यातही वेळ चुकली तर उरतं काय?

'दम लागला की घ्यायचा' हा पंप बहुधा सॅल्ब्युटामॉलचा असतो, दर फवाऱ्याला 100 मायक्रोग्रॅम. लेव्होसॅल्ब्युटामॉल असेल तर 50. श्वासनळीभोवतीचे आवळलेले स्नायू हे औषध सैल करतं. पाच मिनिटांच्या आत फरक जाणवायला लागतो आणि चार ते सहा तास टिकतो. मात्र नळीच्या आतली सूज आणि चिकट कफ यांना ते हात लावत नाही. सुजेसाठी श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड वेगळं असतं, आणि त्याने लगेच काही जाणवत नाही म्हणून लोक तेच आधी सोडून देतात. पंपाच्या रंगावरही विसंबू नका. निळा म्हणजे तातडीचा हा संकेत सगळ्या कंपन्या पाळतातच असं नाही. डबीवरचं औषधाचं नाव आणि मायक्रोग्रॅमचा आकडा वाचायचा, आणि घरात दोन पंप असतील तर जाड पेनाने एकावर 'रोज' आणि दुसऱ्यावर 'धाप' लिहून ठेवायचं.

आता घ्यायची रीत. टोपी काढून तोंडाच्या बाजूला आत डोकवा. पर्समध्ये उघडा फिरणाऱ्या पंपात नाणं, सुपारीचा तुकडा, गोळीचं चकचकीत पाकीट असं काहीही सापडतं आणि फवाऱ्याबरोबर ते श्वासात जाऊ शकतं. पंप चार-पाच वेळा जोरात हलवा, कारण बऱ्याच पंपांत औषधाचे कण द्रवात तरंगत असतात आणि ठेवून दिला की ते वर तरी येतात, खाली तरी बसतात. न हलवता दाबलं तर एका फवाऱ्यात जास्त औषध, दुसऱ्यात कमी. ताठ बसा किंवा उभे राहा. पंपापासून तोंड बाजूला करून सावकाश श्वास सोडा, जमेल तितका. पंप उभा धरा, डबीचं बूड वर. नळी दातांच्या मधे, ओठ घट्ट मिटलेले, जीभ खाली. हळू श्वास घ्यायला सुरुवात करा, आणि सुरुवात झाली की लगेच एकदाच दाबा. दाबल्यावर श्वास थांबवायचा नाही, तीन ते पाच सेकंद सावकाश आत घेतच राहायचा. इथेच सगळ्यात जास्त लोक अडतात. फवारा घशावर आदळला की दचकून श्वास थांबतो, किंवा घाईने जोरात ओढला जातो आणि औषध घशाच्या मागच्या भिंतीवर चिकटतं. मग पंप काढून दहा सेकंद श्वास रोखा. दहा जमत नसतील तर पाच. दुसरा फवारा हवा असेल तर अर्धा-एक मिनिट थांबा, पंप पुन्हा हलवा आणि सगळं पहिल्यापासून. एकाच श्वासात दोनदा दाबणं म्हणजे एक फवारा वाया.

नवा पंप, किंवा बरेच दिवस पडून राहिलेला, आधी हवेत मारून घ्यावा लागतो. किती वेळा आणि किती दिवसांनी ते प्रत्येक पंपाच्या पत्रकात लिहिलेलं असतं. ते पत्रक फेकू नका.

एवढं वाचून कोणी म्हणेल, हे सत्तरीतल्या आजीला कसं जमायचं? नाहीच जमत, आणि धाप लागलेल्या तरुणालाही जमत नाही. म्हणून स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्या मधे धरायचं प्लास्टिकचं पोकळ नळकांडं. आमचं मत विचाराल तर फवाऱ्याचा पंप लिहून दिला की त्याच चिठ्ठीवर स्पेसर असायलाच हवा, आणि केमिस्टने 'तो नंतर घ्या' म्हटलं तरी तेव्हाच घ्यावा. स्पेसरमुळे दाबणं आणि ओढणं यांची वेळ जुळवावी लागत नाही, मोठे थेंब स्पेसरच्याच भिंतीवर अडकतात आणि बारीक कण श्वासाबरोबर आत जातात. पंप हलवून मागच्या भोकात बसवा, तोंड लावा, एक फवारा मारा आणि सावकाश एक खोल श्वास घेऊन दहा सेकंद रोखा. तेवढा दम नसेल तर स्पेसर तोंडातून न काढता चार ते सहा साधे श्वास घ्या. एकावेळी एकच फवारा. दोन-तीन एकदम मारले तर कण एकमेकांना चिकटून भिंतीवर बसतात. झडपवाल्या स्पेसरमध्ये श्वासागणिक टकटक ऐकू येते. ती येत नसेल तर ओठ सैल आहेत किंवा झडप वाकली आहे. लहान मुलांना, साधारण चार-पाच वर्षांपर्यंत, मास्क लागतो आणि तो नाकातोंडावर घट्ट बसायला हवा. रडणाऱ्या मुलाच्या तोंडासमोर मास्क अधांतरी धरला तर औषध छातीत जवळजवळ जातच नाही.

स्पेसर आतून पुसला जातो तेव्हा आम्ही कपाळाला हात लावतो. घरी आणला, फडक्याने लख्ख केला आणि औषध लागू होईना, ही तक्रार नेहमीची. कोरड्या फडक्याने घासलेल्या प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषधाचे कण भिंतीकडे खेचले जातात. स्पेसर नवा असला तरी आधी धुवायचा. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे थोडे थेंब टाकून त्यात बुडवायचा, घासायचा नाही, आणि निथळत उभा ठेवायचा. पुढे महिन्यातून एकदा असंच. जुलै-ऑगस्टात मुंबईच्या घरात तो रात्रभरात वाळेलच याची खात्री नसते. सकाळी धुऊन पंख्याखाली ठेवावा. गॅसजवळ ठेवला तर झडप आणि मास्क वाकडे होतात. पंपाचं प्लास्टिकही आठवड्यातून एकदा, डबी बाहेर काढून, दोन्ही बाजूंनी कोमट पाण्याखाली धरावं, कारण औषध साठून फवाऱ्याचं बारीक भोक बुजतं. डबी मात्र कधीच भिजवायची नाही.

गावी गेलात, स्पेसर मुंबईत राहिला आणि मुलाची छाती भरली, तर अर्ध्या लिटरची रिकामी प्लास्टिकची बाटली कामाला येते. बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचं भोक पाडायचं, पंप घट्ट बसवून फट चिकटवून टाकायची आणि बाटलीचं तोंड तोंडात धरायचं. दक्षिण आफ्रिकेत मुलांवर केलेला याचा अभ्यास 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. फट बंद केलेली बाटली नेहमीच्या स्पेसरच्या तोडीची ठरली आणि थर्माकोलचा कप सगळ्यात मागे पडला.

कॅप्सूलमधली भुकटी ओढायच्या यंत्राची, म्हणजे रोटाहेलरसारख्याची, गोष्टच उलटी. लोक त्या कॅप्सूलला गोळी म्हणतात, आणि ती पाण्याबरोबर गिळणारे आम्हाला आजही भेटतात. रोटाहेलरमध्ये कॅप्सूल पारदर्शक बाजूने चौकोनी भोकात खोचायची, काठाला सपाट होईपर्यंत दाबायची आणि तळ फिरवायचा. आत कॅप्सूलचे दोन भाग सुटे होतात. श्वास बाहेर सोडायचा, पण यंत्रात नाही, कारण तोंडाच्या वाफेने भुकटी ओली होते. मग तोंड लावून जोरात आणि खोल ओढायचं, नारळपाणी संपत आल्यावर स्ट्रॉमध्ये मलई अडकली की ओढतो तसं. फवाऱ्याचा पंप सावकाश, भुकटीचा पंप जोरात. ज्यांच्याकडे दोन्ही आहेत त्यांची हमखास इथे गल्लत होते, म्हणून शक्य तिथे दोन्ही औषधं एकाच प्रकारच्या यंत्रात द्या असं आम्ही डॉक्टरांना सुचवतो. श्वास रोखून झाला की यंत्र उघडून बघायचं. आत पांढरी पूड दिसली तर पुन्हा एकदा ओढायचं. मुंबईची दमट हवा या कॅप्सूलची वैरी आहे. आठवड्याच्या कॅप्सूल गोळ्यांच्या डबीत काढून ठेवल्या की पावसाळ्यात भुकटीचे खडे होतात. ज्या बाटलीत किंवा पाकिटात येतात त्यातच ठेवायच्या, बाथरूमच्या कपाटात तर नाहीच. शिवाय जोराच्या अटॅकमध्ये भुकटी ओढायला लागणारी ताकदच उरत नाही. तेव्हा फवारा आणि स्पेसर हाताशी हवा.

पंप संपला हे कसं ओळखायचं? पाण्यात टाकून तरंगतो का बघतात. कृपा करून बघू नका. उत्तर खरं मिळत नाही आणि झडपेत पाणी जातं ते वेगळंच. हलवून आवाज ऐकणंही फोल आहे. औषधाचे फवारे संपल्यावरही डबीत वायू उरतो आणि फस्स आवाज येत राहतो, चवही तीच वाटते. बहुतेक पंपांत 200 फवारे असतात. आकडा दाखवणारी खिडकी असेल तर 20 वर आल्यावर नवा आणायचा. खिडकी नसेल तर सुरू केल्याची तारीख डबीवर लिहायची आणि कॅलेंडरवर रेघा मारायच्या.

त्या रेघा आम्हाला फार कामाच्या वाटतात, कारण आमचा पुढचा प्रश्न असतो: वर्षात किती डब्या लागल्या? 2019 पासून ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा, म्हणजे जीना ही दम्याच्या उपचारांबद्दल मार्गदर्शन करणारी आंतरराष्ट्रीय संस्था, सांगते की प्रौढ आणि किशोरवयीन मुलांचा दमा नुसत्या सॅल्ब्युटामॉलवर चालवू नये. वर्षात 200 फवाऱ्यांच्या तीन किंवा जास्त डब्या लागत असतील तर मोठा अटॅक येण्याचा धोका वाढलेला असतो, आणि महिन्याला एक लागत असेल तर मृत्यूचा. तीन डब्या म्हणजे रोजचे दोन फवारेसुद्धा भरत नाहीत, म्हणून लोकांना खरं वाटत नाही. 'पंपाची सवय लागली' असं घरचे म्हणतात तेव्हा बहुतेकदा आतली सूज वाढत गेलेली असते आणि तिच्यावरचं औषध कपाटात पडलेलं असतं. आता अनेकांना ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप देतात. फॉर्मोटेरॉलही काही मिनिटांत नळी मोकळी करतं, आणि प्रत्येक वेळी सोबत स्टेरॉइडही आत जातं, त्यामुळे तोच पंप रोजही आणि धाप लागल्यावरही चालतो. 6 मायक्रोग्रॅम फॉर्मोटेरॉलवाल्या पंपाचे प्रौढांसाठी दिवसाला जास्तीत जास्त 12 फवारे, रोजचे धरून. अर्थात तिथवर पोचायच्या आतच डॉक्टर गाठायला हवा. सॅल्मेटेरॉलच्या पंपाला हा नियम लागू नाही. ते उशिरा काम करतं, धाप लागल्यावर ते घेऊन वाट बघत बसायचं नाही. स्टेरॉइड असलेल्या कोणत्याही पंपानंतर चूळ भरून थुंकायचं, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते आणि आवाज बसतो.

पंप घेतल्यावर हात थरथरतो, छाती धडधडते, कधी डोकं दुखतं, पायात गोळे येतात. थरथर थोड्या वेळात ओसरते आणि तिला घाबरून पंप सोडायचं कारण नाही. छातीत दुखलं, ठोके चुकायला लागले किंवा चक्कर आली तर मात्र ईसीजी हवा. जास्त मात्रेत रक्तातलं पोटॅशियम उतरतं. लघवी जास्त व्हायची गोळी चालू असणाऱ्यांना हा धोका दुप्पट सांभाळावा लागतो. आणि पंपाला भिणारी माणसं ज्या गोळीवर निर्धास्त असतात तिचा हिशोब बघा: सॅल्ब्युटामॉलची 2 मिलिग्रॅमची गोळी म्हणजे 2000 मायक्रोग्रॅम, वीस फवाऱ्यांइतकं औषध, तेही आधी पोटात आणि मग सगळ्या अंगभर. काम उशिरा, थरथर जास्त. खोकल्याच्या कित्येक सिरपांतही टर्ब्युटालिन किंवा सॅल्ब्युटामॉल असतं, तेव्हा पंप आणि सिरप एकदम चालू असेल तर बाटलीवरची नावं वाचा. दम्यासाठीच दिल्या जाणाऱ्या थिओफिलिनच्या गोळ्यांत उपयोगाची आणि विषारी पातळी अगदी जवळजवळ असते. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा एरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक सोबत आलं की पातळी चढते, मळमळ, उलट्या, झोप उडणं सुरू होतं आणि फार चढली तर फिटही येते.

याच्या उलट, नळी आवळणारी औषधंही घरात असतात. अर्धशिशीसाठी किंवा हातांच्या थरथरीसाठी दिलेलं प्रोप्रॅनोलॉल हे त्यातलं एक. काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब हे दुसरं, आणि ते फार फसवं, कारण डोळ्यात घालायचं औषध छातीच्या डॉक्टरला सांगायचं कोणाच्या लक्षातच येत नाही. काही दमेकऱ्यांना, विशेषतः ज्यांच्या नाकात मांस वाढलेलं असतं त्यांना, अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेतल्यावर दम लागतो.

पंपाने फरकच पडत नसेल तर पंप वाढवण्याआधी निदान तपासायचं. फुंकून करायच्या तपासणीत, म्हणजे स्पायरोमेट्रीत, चार फवारे स्पेसरमधून देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा 12 टक्क्यांहून आणि 200 मिलीहून जास्त वाढली तर नळी औषधाला दाद देते असं धरतात. तपासणीला येताना निदान चार तास सॅल्ब्युटामॉल घ्यायचं नसतं, लांब पल्ल्याची औषधं त्याहून आधी थांबवावी लागतात, पण धाप लागली तर तपासणी गेली खड्ड्यात, पंप घ्या. दादरचा कबुतरखाना बंद करण्यावरून 2025 मध्ये वाद पेटला तेव्हा कबुतरांमुळे दमा होतो असं सर्रास बोललं गेलं. विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीने दमा उसळू शकतो हे खरं, पण तिच्यामुळे होणारा फुप्फुसदाह हा निराळा आजार आहे. त्यात कोरडा खोकला आणि चालताना दम असतो आणि पंपाचा फारसा उपयोग होत नाही. डक्टमध्ये कबुतरांची घरटी असतील तर ते डॉक्टरांना सांगा. दोन आठवड्यांवरच्या खोकल्याला टीबीसाठी थुंकी तपासणं तर या शहरात चुकवूच नये.

वाफेच्या मशीनबद्दल, म्हणजे नेब्युलायझरबद्दल, फार भक्ती आढळते. शुद्धीवर असलेल्या, फार गंभीर नसलेल्या रुग्णाला स्पेसरमधून दिलेले फवारे तितकंच काम करतात, वीज लागत नाही आणि पर्समध्ये मावतात. मशीन वापरायचंच तर औषध पातळ करायला नॉर्मल सलाइनच घ्यायचं, साध्या पाण्याची वाफ नळीला झोंबून ती आणखी आवळते. आठ-दहा मिनिटांत कपातून फडफड आवाज आला की संपलं. उरलेलं औषध टाकायचं, कप धुऊन वाळवायचा. मजल्यावर चार घरांत एकच मशीन फिरत असेल तर मास्क, कप आणि नळी ज्याची त्याची वेगळी. इप्राट्रोपियम असलेलं औषध असेल आणि काचबिंदू असेल तर मास्कऐवजी तोंडात धरायची नळी मागा, कारण मास्कच्या फटीतून डोळ्यात गेलेली वाफ डोळ्यातला दाब वाढवू शकते.

आणि अटॅक. एक वाक्य एका दमात बोलता येत नाही, बरगड्यांमधली जागा आत ओढली जाते, ओठ निळसर पडतात, किंवा घरघर होती ती अचानक थांबून माणूस झोपाळू होतो: यांतलं काहीही दिसलं की 108 लावायचं. रुग्णवाहिका वाहतुकीत अडकेल म्हणून टॅक्सी दारात उभी असेल तर टॅक्सी. ऑक्सिमीटरवर 95 दिसतंय म्हणून थांबायचं नाही, आकडा उशिरा घसरतो. रुग्णाला आडवं करू नका, पुढे झुकून बसवा, गर्दी हटवा. स्पेसरमधून एकेक करून चार ते दहा फवारे, पहिल्या तासात दर वीस मिनिटांनी. तुमच्या डॉक्टरांनी लेखी वेगळं दिलं असेल तर त्याप्रमाणे. ही मोजणी रुग्णाने करायची नाही, सोबतच्याने करायची आणि वेळेसकट मोबाईलमध्ये टिपायची. कॅज्युअल्टीतला पहिला प्रश्न तोच असतो.

तिथे दोन-तीन वेळा वाफ दिली की बरं वाटतं आणि लोक सही करून घरी निघतात. वाफेचा असर चार-सहा तासांचा, त्यामुळे रात्री दोन-तीनला पुन्हा धाप लागते. सोबत दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या, प्रौढांना बहुधा पाच ते सात दिवसांच्या, दुसऱ्या दिवशी मोकळं वाटलं तरी पुऱ्या घ्यायच्या. आठवड्याच्या आत पुन्हा दाखवायचं, आणि येताना अटॅकमध्ये वापरलेला पंप, स्पेसर, डोळ्याच्या थेंबांसकट घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून आणायची.